दोन वर्षं सुतळीने बांधलेला मार्कर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आमच्याकडे ट्रेनिंग झालं, अडीच तास, आणि सगळ्याचं सार एवढंच की अडचण आली की तिला अडचण म्हणायचं नाही, संधी म्हणायचं. मी डिस्पॅचला आहे, १७ वर्षं झाली. अडचणीतून सुधारणा होते हे मला पटतं हो, पण ती बोलून दाखवायची सोय असेल तर. नाहीतर काय होतं ते सांगतो.

आमच्या पॅकिंगच्या टेबलाला एक काळा मार्कर सुतळीने बांधलेला होता. लेबलवर कोडचा शेवटचा आकडा इंग्रजी तीन आहे की आठ तेच धड दिसायचं नाही, म्हणून पॅकिंगवाला बॉक्सवर मार्करने मोठ्ठा आकडा टाकायचा. गडबडीत कोणी विसरला की भलताच माल जायचा, मग फोन, मग रिटर्न, आणि मेमो कोणाला तर पॅक करणाऱ्याला. मार्कर सारखा हरवायचा म्हणून कोणीतरी सुतळी बांधली आणि आम्हाला वाटलं, चला, प्रश्न मिटला! अशी दोन वर्षं गेली.

मग एक नवीन मुलगी आली, तिसऱ्याच दिवशी विचारते, "काका, हा मार्कर बांधलाय कशाला?" सांगता सांगता आम्ही मागे मागे गेलो. आकडा का दिसत नाही, तर अक्षर बारीक. बारीक का, तर लेबलात एक जादा ओळ घुसवलेली. ती कोणासाठी, तर एका कस्टमरने मागितली होती म्हणून, आणि तो कस्टमर आपल्याकडून माल घ्यायचा कधीच बंद झालाय! ओळ काढली, अक्षर मोठं केलं, वीस मिनिटांचं काम. आयटीवाला वर मलाच म्हणतो, आधी का नाही बोललात.

बोललो होतो ना. तेव्हाच्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले, प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्युशन घेऊन या. ऐकायला भारी वाटतं, पण ज्याच्या हातात फक्त टेप आणि कटर आहे त्याने लेबलच्या सॉफ्टवेअरचं सोल्युशन आणायचं कुठून? माणूस गप्प बसतो आणि सुतळी शोधतो.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर एक दोरी असायची (आता बऱ्याच ठिकाणी बटण आहे), काही बिघडलेलं दिसलं की कोणीही कामगार ती ओढू शकतो. टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या वेळात सुटलं तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. सोल्युशन आणल्याशिवाय दोरी ओढू नका असं तिथे कोणी म्हणत नाही. आणि "का" हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धतही त्यांचीच, आम्ही तिसऱ्या "का"ला पोचलो तेवढ्यात काम झालं.

विमानवाल्यांचं तर अजून पुढचं. अमेरिकेत १९७६ पासून पायलट वगैरे लोक स्वतःच्या चुकांचा रिपोर्ट नासाकडे पाठवतात. मुद्दाम नासाकडे, कारण दंड करणारं खातं वेगळं आहे. नाव काढून टाकतात, आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, रिपोर्ट वेळेत दिला असेल, तर बहुतेक वेळा शिक्षेतूनही सूट मिळते. अपघात किंवा गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. आमच्याकडे चूक सांगितली की मेमो, मग संधी दिसणार कोणाला?

म्हणून साहेब लोकांना एवढंच सांगणं आहे की ट्रेनिंग खुशाल घ्या, पण त्याआधी एकदा टेबलापाशी येऊन बघा कुठे काय बांधलंय, चिकटवलंय, खाली काय टेकू दिलाय. पोस्टर लावण्यापेक्षा ते बरं.

आमचा मार्कर गेला, सुतळी अजून लटकतेय. आणि ती मुलगी आता विचारतेय की गेटपासची एकच एंट्री दोन रजिस्टरमध्ये का करतो. मला उत्तर देता आलं नाही, साहेबांना विचारलंय.

आपला,
एक डिस्पॅचवाला