ओहायो तरली ती रॉकेलावर

मिरकरवाडा, रत्नागिरी

प्रिय सुधीर,

टॉर्पेडो बसलेलं तेलाचं जहाज बंदराला लागलंच कसं, असं तू विचारलंस. 'ओहायो'चं घे. ऑगस्ट १९४२, दुसरं महायुद्ध, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला रसद चालली होती. पोटात साडेअकरा हजार टनांच्या आसपास रॉकेल आणि डिझेल. १२ तारखेच्या संध्याकाळी इटालियन पाणबुडी 'अक्सुम'चा टॉर्पेडो डाव्या कुशीत, पंपरूमपाशी बसला. भोक २४ बाय २७ फुटांचं. आपली मासेमारीची लाँच नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, सहज आत शिरेल एवढं!

तरी तरली, कारण माल पाण्याहून हलका. हिशोब करून बघ. हजार घनमीटरच्या टाकीत रॉकेल साधारण ८०० टन. ते सगळं जाऊन समुद्राचं पाणी भरलं तर १०२५ टन, म्हणजे वाढ सव्वादोनशे टनांचीच. टाकी रिकामी असती तर पुरे १०२५ टन बोकांडी बसले असते. त्यात वरची झाकणं घट्ट असली की भोकाच्या वरचं रॉकेल पाण्यावर तसंच अडकून राहतं. माल्टाला माल उपसत गेले तशी ती खाली बसत गेली, ती यामुळेच.

भरलेल्या पाण्यापेक्षा घात करतं ते सरकणारं पाणी. अर्धवट भरलेल्या खणात ते कलत्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. खणाच्या मधोमध जहाजाच्या लांबीच्या दिशेने भिंत घातली की हा जोर चौथाईवर येतो. तेलाच्या जहाजात अशा भिंती मुळातच असतात.

दुसऱ्या दिवशी बॉम्बहल्ल्यात इंजिन बंद पडलं. एका विनाशिकेने ओढायला घेतलं, तर फाटून बाहेर आलेला पत्रा सुकाणूसारखा पाणी धरी आणि जहाज सारखं डावीकडे वळे, दोरही तुटला. शेवटी दोन्ही कुशींना विनाशिका बांधून १५ तारखेला माल्टाच्या व्हॅलेटा बंदरात आणलं.

आता तुझ्या नव्या लाँचचं. इंजिनरूम आणि मासळीच्या खणामधली भिंत कितीही जाड असू दे, पाइपासाठी पाडलेलं एक भोक उघडं राहिलं तर ती नसल्यासारखीच. तळाशी पाणी वाहायला ठेवलेल्या भोकांना बुचं हवीत, केबलींच्या भोवती ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं घट्ट बूच, हवा. पाण्यात उतरवण्याआधी एका बाजूने नळीचा फवारा मारायचा आणि दुसऱ्या बाजूने कोरड्या फडक्याने सांधा न् सांधा पुसून बघायचा. ओल लागली तर कुठे, ते मला कळव.

तुझा,
विनायक