चोरबीटीबद्दल एकदा हो म्हणा, नाही तर नाही म्हणा

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

मृग लागायच्या आधीच आमच्या यवतमाळ भागात चोरबीटीची, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बेकायदा कपाशी बियाण्याची, पाकिटं येऊन पडतात. काही गुजरातची, काही तेलंगणातून आलेली. कुणाकडे मिळतात हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पाकिटावर कंपनीचा धड पत्ता नाही, आणि पावती मागितली तर विकणारा नुसता हसतो. या कपाशीला तुमच्या मंत्रालयाच्या जीईएसी या, जनुकीय पिकं तपासणाऱ्या समितीने परवानगी दिलेली नाही. तरी ती उभी आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ती चारचौघांत, जाहीरपणे लावली.

शेतकरी ती का लावतो? जुलैत झड लागली की काळ्या रानाला आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. तण काढायला डवरा घालता येत नाही, पाय रुततो. तेवढ्यात केना आणि लव्हाळा ही तणं कपाशीच्या वर जातात. पाऊस उघडला की साऱ्या गावाचं निंदण एकाच आठवड्यात येतं आणि बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर दुसऱ्या गावाहून, ऑटोचं भाडं आपल्या खिशातून.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण आमचे पुढारी ती सांगत नाहीत. निंदणाची मजुरी ही भूमिहीन बायांची पावसाळ्यातली मुख्य कमाई. तणनाशक आलं की ती जाते आणि पंप पाठीवर घेणाऱ्या पुरुषाला काम मिळतं. फवारणीचं आम्हाला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले.

या कपाशीवर मारायचं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अमेरिकेची आणि युरोपची नियामक मंडळं तसं मानत नाहीत. तुमच्याच सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंधाचा आदेश काढला. तो आमच्या बांधापर्यंत कधी पोचलाच नाही. उलट, काही भीती मोठ्या करून सांगितल्या जातात. देशी कपाशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीत, म्हणजे चोरबीटीतही, ५२; त्यामुळे चोरबीटीचं जनुक देशी वाणात सहजासहजी उतरत नाही. खरा धोका तणांचा आहे. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की तण त्याला दाद देईनासं होतं. बोंडअळी मारायला आणलेल्या बीटी कपाशीचं बोंडअळीने हेच केलं.

आणि जनुकीय पिकांचं इतकंच वावडं असेल, तर २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेली, सोयापेंड आयात करायला परवानगी कशी मिळाली? बीटी कपाशीच्या सरकीचं तेल आपण खातोच, ढेप गाई-म्हशी खातात.

तुमच्या खात्याचा इतिहास पाहता मला एक शंका येते. २००१ मध्ये गुजरातेत बेकायदा बीटी कपाशी सापडली, ती जाळायचे आदेश निघाले आणि मार्च २००२ मध्ये बीटीला मंजुरी आली. या वेळीही रान भरेपर्यंत थांबायचं ठरलंय का? जीएम मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मंजुरीवर एकमत झालं नाही, पण राष्ट्रीय धोरण आखा, हे दोघांनीही सांगितलं.

माझं मत विचाराल तर अटी घालून परवानगी द्यावी. पण तुमचं उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, ते कारणांसकट आणि मराठीत छापून द्या. मग धाड बियाणं तयार होतं तिथे घाला, आमच्या बांधावर नको. ‘हो’ असेल तर बीटीसारखीच पाकिटाची कमाल किंमत ठरवा, आणि निंदणावर जगणाऱ्या बायांसाठी काय करणार तेही त्याच कागदावर लिहा. आजच्या बंदीत नुकसान फक्त घेणाऱ्याचं आहे. पाकीट उगवलं नाही तर महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली भरपाई मागायला हातात पक्की पावतीच नसते.

जूनमध्ये लावण सुरू होते. जे काही ठरेल ते एप्रिलच्या आत जाहीर करा, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आम्हाला ठरवता येईल.

आपला,
एक कापूस उत्पादक
जिल्हा यवतमाळ