अळिंबीच्या डब्यात स्टार्च किती?

महोदय,

लातूर-परभणीकडे सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेता येते, हे चांगलेच. पण ‘सूज उतरवणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अळिंबी पावडरीच्या डब्यावर नुसते ‘पॉलिसॅकराइड’ (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे पदार्थ) लिहिणे पुरेसे नाही. गुण सांगतात तो बुरशीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकॅन या पॉलिसॅकराइडचा. पण धान्यावर वाढवलेले तंतूजाल (बुरशीच्या धाग्यांचे जाळे) धान्यासकट दळले, की धान्यातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच असल्याने त्याच आकड्यात मोजला जातो. चमचाभर पावडर कपभर पाण्यात उकळा, पूर्ण थंड करा, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काळा-निळा रंग म्हणजे स्टार्च. पाणी गरम असेल तर रंग उमटतच नाही. सूज कमी झाल्याचे बहुतेक पुरावे पेशी व उंदरांवरचे आहेत. त्या भरवशावर संधिवाताची गोळी बंद करू नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

– एक वाचक, लातूर