दोन मार्कांचा फरक

प्रिय बाळा,

हे पत्र तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. काल रात्री तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले. समोरासमोर बसलो की आधी तू रडतेस, मग मी, आणि सांगायचं ते राहून जातं. अभ्यासिकेत पोचलीस की निवांत वाच.

निकाल लागल्यापासून तीन दिवस तू एकच वाक्य बोलतेयस, "मी सीए व्हायच्या लायकीचीच नाही." मला त्या वाक्याबद्दल बोलायचंय.

1994 साली मी भवानी पेठेत एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायला लागले. पहिल्याच पंधरवड्यात एका संध्याकाळी मेळ बसेना. गल्ल्यात वहीपेक्षा 270 रुपये जास्त. पैसे जास्त निघाले तरी पोटात गोळा येतो गं, कारण ते कुणाचे ते कळत नाही. मी चार वेळा बेरजा केल्या. दुकानाची शटरं पडायला लागली, हमाल घरी गेले, आणि मी वहीवर मान घालून रडत बसले. दिवाणजी जवळ आले. "फरक किती?" म्हणाले. मी म्हटलं, "मला हिशेब जमतच नाही." ते पुन्हा तितक्याच शांतपणे म्हणाले, "ते नाही विचारलं. फरक किती?"

"270."

"नऊने भाग जातो?"

जात होता. "मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ते शोधा," म्हणाले. दहा मिनिटांत सापडलं. एका गिऱ्हाइकाचे 1,520 जमा मी 1,250 लिहिले होते. दोनाचे पाच, पाचाचे दोन. पुढे त्यांनी अशा बऱ्याच युक्त्या शिकवल्या. रक्कम चुकून जमेच्या बाजूऐवजी नावेच्या बाजूला पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम वहीत शोधायची. फरक बरोबर शंभर किंवा हजार असेल तर आधी बेरजेतला हातचा तपासायचा. हे सगळं तुला माहीत आहे, कदाचित माझ्याहून जास्त. पण त्या संध्याकाळी मला जे कळलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. 270 ला नऊने भाग जातो. "मला जमतच नाही" याला कशानेच भाग जात नाही. त्यात शोधायला काही नसतं, म्हणून माणूस त्यातच बसून राहतो.

आता तुझा निकाल वहीसारखा उघडूया. ऑडिट 58. एफएम-एसएम, तो फायनान्स आणि स्ट्रॅटेजीचा पेपर, 61. कॉस्टिंग 38. एकूण 157, म्हणजे ग्रुपची, तिन्ही पेपर मिळून 150 ची, अट तू ओलांडलीस. अडलीस ती प्रत्येक पेपरात 40 हवेत या अटीवर, एका पेपरात, दोन मार्कांनी. शिवाय 60 च्या वर गेल्यामुळे एफएम-एसएमला सूट मिळते, पुढच्या वेळी तो पेपर द्यायचा नाही. राहिले दोन. बाळा, यात कुठल्या ओळीत लिहिलंय की तू लायक नाहीस?

दोन मार्क म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. इतके महिने गेले. तुझ्या मैत्रिणी पुढे गेल्या, आणि ते रोज डोळ्यांसमोर दिसणार. दुखणारच. पण जेवढं आहे तेवढंच दुखू दे.

आपण राहतो त्या कर्वेनगरचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते अण्णासाहेब कर्वे मुलगा असताना मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते, परीक्षा द्यायला. तिथे त्यांना बसूच दिलं नाही. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत, आणि कमिटीला हा मुलगा तेवढा वाटेना. तेवढी पायपीट, आणि पेपर हातात घेण्याआधीच परत. हाच मुलगा पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. 1900 साली हिंगण्याच्या माळावर झोपडीत विधवांसाठी आश्रम थाटला, आणि गावातली नोकरी सांभाळून रोज तिथे चालत जाऊन शिकवलं. तू शाळेत असताना त्या आवारावरून आपण कितीदा गेलो असू. मला नेहमी त्या साताऱ्याहून परतीच्या वाटेचं वाटतं. जाताना परीक्षेचा विचार तरी सोबत होता. येताना काय असेल?

आणखी एक. 2020 मध्ये बाबांची नोकरी गेली तेव्हा मी महिनाभर दिवाणजींचं सगळं विसरले. रात्री दोनला उठून "आपलं कसं होणार" एवढंच. मग एका रात्री वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, सस्पेन्स. पेढीवर ज्या रकमेचा पत्ता लागत नसे ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू, म्हणजे बाकीची वही अडत नाही. पण ते खातं विसरायचं नसतं, ठरलेल्या दिवशी उघडून मिटवावंच लागतं. मी "घराचा हप्ता" आणि "बाबांचं काम" त्या पानावर टाकलं आणि रविवारी सकाळी उघडायचं ठरवलं. सोमवार ते शनिवार फक्त त्या दिवसाचं बघायचं. झोप लगेच आली नाही. पंधरा-वीस दिवसांनी यायला लागली. ही सवय आहे, आणि सवयीला वेळ लागतो, पहिल्या दोन रात्री जमलं नाही म्हणून सोडू नकोस. "मैत्रिणी आधी सीए होतील" हे तू खुशाल त्या पानावर टाक. पुढच्या परीक्षेनंतर उघडू. मी सोबत बसेन.

आज एकच काम कर. कॉस्टिंगच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, तो अर्ज भर. पैसे पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलेत. प्रत आली की आपण दोघी जेवणाच्या टेबलावर ती पसरून बसू. मला स्टँडर्ड कॉस्टिंग कळत नाही, पण आकडे उलटे पडलेले मला अजून दिसतात.

भाजी शेपूची आहे. डबा संपव.

तुझी,
आई