घड्याळ माझ्या हातावर, मराठी मात्र चौकोनात

मा. संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्मार्टवॉच कुठलं घ्यावं याचं अख्खं पान आलं होतं, फोटो भारी होते, किमती पण सगळ्या दिल्या होत्या, पण घेतल्यावर त्याचं करायचं काय यावर एक ओळ नाही. म्हणून हे लिहितोय. मोबाइलवरच टाइप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या.

मी वीज मंडळातून रिटायर होऊन ८ वर्षं झाली, आता वय ६६. दिवाळीत मुलाने घड्याळ दिलं. दुकानातल्या पोराने दोन मिनिटात ते फोनला जोडलं आणि स्क्रीनवर जे येईल त्याला नेक्स्ट नेक्स्ट करत गेला, आणि त्या नेक्स्टच्या नादात वय २५, उंची १७०, वजन ६० असं जे आधीपासून भरलेलं होतं ते तसंच गेलं, मला तीन महिने पत्ताच नाही! दंडोबाचा डोंगर चढताना मला इकडे धाप लागलेली, नाडी ११५, आणि घड्याळ म्हणतंय वॉर्म-अप चालू आहे. मग भाच्याने हिशोब सांगितला की नाडी जास्तीत जास्त किती जाऊ शकते यासाठी बरीचशी घड्याळं २२० वजा वय एवढंच धरून चालतात, म्हणजे पंचविशीच्या पोराला १९५ आणि मला १५४, त्यामुळे जे त्याला वॉर्म-अप ते मला चांगलंच दमवणारं. भाच्याकडे ॲपलचं आहे, त्यात वय ५५ च्या पुढचं भरलं की माणूस पडला तर ओळखायची सोय आपोआप चालू होते, त्याच्या आतलं भरलं तर फक्त व्यायाम चालू असेल तेव्हाच. म्हणजे बाथरूममध्ये घसरलो तर घड्याळ मला तरुण समजून गप्प बसणार.

१०,००० पावलांचं पण तसंच. रोज रात्री ९ वाजता 'टार्गेट बाकी आहे' म्हणून मनगटावर गुरगुर. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं, तिथून तो चिकटला तो चिकटलाच. मी ६,००० करून टाकलं. बायको म्हणते परीक्षेचे मार्क स्वतःच वाढवून घेतले तुम्ही, म्हणू दे.

पण खरी फजिती झाली भावे नाट्यमंदिरात. दुसरा अंक, स्टेजवर मिट्ट काळोख, नटी नुसती उभी आहे आणि हजार माणसं श्वास धरून बसलेली, मी चष्मा सारखा करायला हात उचलला आणि माझं मनगट बॅटरीसारखं पेटलं. मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "अहो काका, तो दिवा घाला की खिशात." मी दाबतोय तर तो विझायच्या ऐवजी हवामान दाखवतोय, सांगली ३१ अंश! शेवटी रुमाल गुंडाळून बसलो. घरी आल्यावर कळलं की हात उचलल्यावर लाइट लागणं बंद करता येतं, वरून बोट खाली ओढलं की मास्क का मुखवटा असलेलं एक चित्र येतं ते दाबायचं, झालं, तोच थिएटर मोड. ते चित्र मी रोज बघत होतो, मला वाटायचं काहीतरी फोटोचं असेल.

आता मुख्य तक्रार. डायल बदलायची हौस मला पण आहे, नातीचा फोटो लावला, तर नेमके आकडे तिच्या तोंडावर आणि फ्रॉक पांढरा म्हणून पांढरे आकडे गायब. ते पण सुटलं, आकडे खाली नेले, रंग पिवळा केला. पण आकडे मराठी करायला गेलो तर तशी सोयच नाही. २०० च्या वर डायल आहेत, रोबोट आहे, अंतराळवीर आहे, मांजर शेपूट हलवून सेकंद दाखवतं, पण १ ते १२ देवनागरीत एकही नाही! होत नाही असं नाही, भाच्याच्या घड्याळात कॅलिफोर्निया नावाची डायल आहे त्यात आकड्यांच्या पर्यायात देवनागरी सरळ दिलंय, १२ ६ ९ असे आकडे त्या काचेवर बघून मला उगाच आमच्या जुन्या घरच्या कालनिर्णयाची आठवण झाली. नाव कॅलिफोर्निया आणि आकडे आपले, काय म्हणायचं. माझा साधा फोन पण मराठी केला की लॉकस्क्रीनवर ९:३० दाखवतो.

आणि मेसेजचं तर विचारूच नका. सूनबाईने लिहिलं 'किल्ली शेजारी ठेवलीय', माझ्या मनगटावर आले नुसते चौकोन. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले अपडेट करा. केलं. आता अक्षरं येतात पण 'कि'ची वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते आणि ल्ली चे तुकडे, म्हणजे किल्ली मिळाली तरी वाचता आली पाहिजे. भाचा सांगतो की फोनमध्ये ती ऱ्हस्व वेलांटी क च्या नंतर साठवलेली असते, दाखवताना ती अलीकडे आणून बसवायचं काम सॉफ्टवेअरने करायचं असतं, स्वस्त घड्याळात तेवढं केलेलं नसतं. बरं नसेल केलं, पण मग खोक्यावर तसं छापा ना. पट्टा कुठल्या रंगात मिळतो ते सहा ठिकाणी छापलंय.

तेव्हा पुढच्या वेळी पुरवणीत असं पान आलं तर किमतीच्या शेजारी एक रकाना वाढवा, मराठी मेसेज नीट वाचता येतो का आणि देवनागरी आकड्यांची डायल आहे का, हो किंवा नाही एवढंच. आणि जमलं तर घड्याळ लिहिणाऱ्याने स्वतःच्या वयाने चालू करून बघावं, दुकानदाराच्या नेक्स्टने नाही. माझ्याकडचं आता बऱ्यापैकी ताळ्यावर आलंय, फक्त 'किल्ली' आली की अजून सूनबाईला फोन लावतो.

आपला जुना वाचक,
विश्रामबाग, सांगली