मूल जागे असतानाच अंथरुणावर ठेवा

महोदय,

जूनमध्ये बालवाड्या सुरू होतात आणि मे उजाडला की दोन-अडीच वर्षांचे मूल असलेल्या घरात ठरते, आता याला वेगळे झोपवायचे. शाळा, नवे अंथरूण, डायपर सुटणे आणि त्यात पाठचे भावंड, एवढे सगळे एकाच महिन्यात आले की मूल रात्री आईला जास्तच बिलगते. शाळेआधी पुरते तीन आठवडे हाताशी असतील तरच आता सुरुवात करा, नाहीतर शाळा रुळल्यावर ऑगस्टमध्ये करा.

वेगळे अंथरूण म्हणजे वेगळी खोली नव्हे. दोन खोल्यांच्या घरात आईच्या गादीपासून हातभर अंतरावर घातलेली छोटी गादीसुद्धा मुलाची स्वतःची जागा असते. जागा मात्र रोज तीच हवी.

या वयाची मुले रात्रीत अनेकदा, साधारण तासा-दीड तासाने, अर्धवट जागी होतात. आपणही होतो आणि कूस बदलून पुन्हा झोपतो. मूल मात्र झोप लागताना जे होते तेच शोधते. झोळीत, मांडीवर किंवा दूध पिता पिता झोपलेले मूल दोन वाजता डोळे उघडते तेव्हा झोका नसतो, मांडी नसते, बाटली नसते. ते हट्ट करत नसते. झोपेकडे जाणारी तेवढी एकच वाट त्याला ठाऊक असते. म्हणून डोळे जड झालेत पण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला गादीवर ठेवायचे. सगळी मेहनत इथेच करायची आहे.

पहिल्या तीन-चार रात्री पाठीवर हात ठेवून थोपटा. हात एकदम उचलू नका. आधी थोपटणे थांबवा, तळवा तसाच राहू द्या, मनात वीस आकडे मोजा, मग हलकेच काढून घ्या. पुढच्या तीन-चार रात्री हात नुसता गादीवर, मुलाच्या शेजारी. मग हातभर लांब बसा, मग आपल्या अंथरुणावर. रात्री उठून आले तर दिवा न लावता परत नेऊन निजवा आणि रोज एकच वाक्य बोला : ‘रात्र आहे, झोपायचं.’ गोष्ट नाही, पाण्याचा खेळ नाही. रडत असेल तर जवळ बसा. दार लावून रडत ठेवायला आम्ही कधीच सांगत नाही.

फिसकटते ते बहुधा पाचव्या-सहाव्या रात्री. पहाटे तीनला कोणीतरी, बहुतेक वेळा आजी, कळवळून मुलाला कुशीत घेते. त्यातून मूल एवढेच शिकते की जास्त वेळ रडले की जमते. आजीची माया खरीच आहे, म्हणून तिला आधीच विश्वासात घ्या. अंगाई आणि गोष्ट तिच्याकडे द्या, रात्रीचे परत निजवणे एकाच माणसाकडे ठेवा.

बाटलीने झोपणाऱ्या मुलाचे दूध दर दोन रात्रींनी ३० मिलीने कमी करा. १८० मिली असेल तर बारा दिवसांत सुटते. दूध पेल्यातून, दात घासण्याआधी द्या. तोंडात बाटली ठेवून झोपल्याने पुढचे दात किडतात. अंगावर पिणाऱ्या मुलाला या दिवसांत बाबांनी किंवा आजीने निजवलेले बरे, कारण आईच्या वासानेच दुधाची आठवण होते.

दिवसाकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारची झोप तीन-साडेतीनला संपावी. संध्याकाळी सातला गाडीवर लागलेली दहा मिनिटांची डुलकीही रात्रीचे अकरा वाजवते. निजण्याआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद, आणि झिरोचा दिवा डोळ्यांवर येणार नाही असा खाली लावा.

झोप लागल्यावर एक-दोन तासांत मूल किंचाळते, डोळे उघडे पण ओळखत नाही, असे झाले तर हलवून उठवू नका. कुठे लागणार नाही एवढे बघत शेजारी बसा, आपोआप शांत होईल. रोज घोरणे, श्वास मध्येच अडकणे किंवा रात्री गुदद्वाराशी खाज (हे बहुधा कृमींमुळे) दिसली तर सवयीच्या मागे लागण्याआधी डॉक्टरांना दाखवा. झोपेसाठी सर्दीचे औषध तर कधीच देऊ नका.

कोकणातल्या घरांना एक वेगळे सांगणे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते. तेव्हा मुलाची गादी खाली न घालता ठेंगण्या, कठड्याच्या खाटेवर घाला, गादी आणि कठडा यांत फट ठेवू नका आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. खाली लोंबणारी मच्छरदाणी डासही अडवत नाही आणि मण्यारही.

– एक बालवाडी शिक्षिका व एक परिचारिका, चिपळूण