सूचना : गुरुवारी सकाळी फोर्ट कोची दर्शन

सर्व सहप्रवाशांना नमस्कार,

कोचीतली अर्ध्या दिवसाची सहल गुरुवारी आहे. गाडी फक्त आपल्या ग्रुपसाठी आहे. शुक्रवारी मट्टांचेरी राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), म्हणून वार बदलायचा आग्रह कृपया नको.

सकाळी ८ वाजता हॉटेलच्या दारात जमावे. गाडी ८.१५ ला सुटेल, कुणासाठी थांबणार नाही.

आधी किनाऱ्यावरची मासे पकडायची चिनी जाळी. दोराला बांधलेल्या दगडांच्या भारावर ते अख्खं जाळं वर येतं, ते नीट बघा. फोटो नंतरही काढता येतील. मग सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथेच पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. शेवटी राजवाडा आणि १५६८ चं सिनेगॉग.

- सिनेगॉगमध्ये चप्पल बाहेर. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे टाळा.
- राजवाड्यात रामायणाच्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे.
- टोपी, पाण्याची बाटली, तिकिटांसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. दमटपणा फार असतो!

मट्टांचेरीत मसाल्यांच्या खरेदीला अर्धाच तास मिळेल. दुपारी १ पर्यंत परत. गुडघेदुखी असलेल्यांनी बुधवारी रात्रीपर्यंत कळवावे, म्हणजे पुढची सीट ठेवता येईल.